हवेवर चालणारा रिफॉर्मर, नायट्रोजनमिश्रित सिनगॅस आणि ताशी १,००० घनमीटर वायूचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या वेर्णे औद्योगिक वसाहतीत पाइपने नैसर्गिक वायू मिळतो असे धरायचे. ताशी १,००० सामान्य घनमीटर (शून्य अंश आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेला) वायू घ्यायचा, ऑक्सिजनचे संयंत्र न बसवता साध्या हवेवर रिफॉर्मर, म्हणजे वायूचा सिनगॅस करणारी भट्टी, चालवायचा आणि निघालेल्या नायट्रोजनमिश्रित सिनगॅसपासून (हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडच्या मिश्रणापासून) फिशर-ट्रॉप्श पद्धतीने, म्हणजे त्या दोन वायूंच्या लांब हायड्रोकार्बन साखळ्या जोडून, डिझेल करायचे. हे जमेल का, तेल किती मिळेल, आणि पहिल्या फेरीत न वापरला गेलेला गॅस पुन्हा रिॲक्टरमध्ये फिरवता येईल का?

हे जमते. दिवसाला ८० बॅरलच्या आसपास द्रव मिळेल. गॅस मात्र परत फिरवता येणार नाही, आणि बाकीची सगळी रचना या एका नकारावरून ठरते. बहुतेक प्राथमिक आराखडे इथेच चुकतात. ऑक्सिजनवर चालणाऱ्या संयंत्राचा नकाशा समोर ठेवतात, ऑक्सिजनचा चौकोन खोडून तिथे एअर कॉम्प्रेसर काढतात आणि पुढची पाइपिंग तशीच ठेवतात. नायट्रोजन रिॲक्शनमध्ये भाग घेत नाही, म्हणून तो फुकटचा प्रवासी वाटतो. प्रत्यक्षात रिफॉर्मरपासून चिमणीपर्यंत प्रत्येक भांड्याचे माप तोच ठरवतो.

आधी आकडे बघू. हवेत ऑक्सिजनच्या एका भागामागे इतर निष्क्रिय वायूंचे पावणेचार भाग येतात. मिथेनचे अर्धवट ज्वलन कागदावर सोपे आहे: मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचा अर्धा रेणू, आणि त्यातून एक कार्बन मोनॉक्साइड व दोन हायड्रोजन. पण नायट्रोजनलाही हजार अंशांपर्यंत तापवावे लागते, त्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्याऐवजी ०.६ रेणू तरी ऑक्सिजन लागतो. मिथेनच्या ०.४ पट वाफ सोबत घेतली, हवा ६०० अंश सेल्सियसपर्यंत आणि गॅस-वाफेचे मिश्रण त्याच्या थोडे खाली तापवून घेतले, की बाहेर पडणाऱ्या गॅसचे तापमान १,००० अंशांच्या आसपास येते. पाणी काढून टाकल्यावर त्या गॅसमध्ये साधारण ३६ टक्के हायड्रोजन, १६.६ टक्के कार्बन मोनॉक्साइड, अडीच टक्के कार्बन डायऑक्साइड, अर्धा टक्का न जळलेला मिथेन आणि ४४ टक्के नायट्रोजन असतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण २.२. तुमच्या १,००० घनमीटर वायूला ताशी सुमारे २,८६० घनमीटर हवा लागेल, आणि सिनगॅस निघेल ५,१०० घनमीटर.

आता टेल गॅसचा, म्हणजे रिॲक्टरमधून न वापरता बाहेर पडणाऱ्या गॅसचा, तीन-चतुर्थांश भाग परत फिरवला असे समजा. नायट्रोजनला बाहेर जायला उरलेली एक-चतुर्थांश वाटच मोकळी आहे. म्हणजे रिॲक्टरमधून फिरणारा नायट्रोजन चौपट होतो, कार्बन मोनॉक्साइडचा अंशदाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) कोसळतो, आणि कॉम्प्रेसर दिवसभर नायट्रोजन ढकलत बसतो. ऑक्सिजनवरच्या संयंत्रात एका फेरीत कमी परिवर्तन झाले (कमी कार्बन मोनॉक्साइड खर्च झाला) तरी चालते, उरलेला गॅस परत येतो. हवेवरच्या संयंत्रात एकदा गेलेला गॅस गेलाच. म्हणून रिॲक्टर एकापुढे एक, दोन टप्प्यांत लावावे लागतात.

ऑक्सिजन का टाळायचा, याचे कारणही नीट समजून घ्या. वीज वाचते म्हणून, असे अनेकजण सांगतात. ते खरे नाही. २,८६० घनमीटर हवा २८ बारपर्यंत दाबायला ४०० ते ४५० किलोवॉट लागतात. तेवढ्या हवेतला ६०० घनमीटर ऑक्सिजन वेगळा करून दाबायचा खर्चही याच पट्टीत येतो. खरी बचत भांडवलाची आहे. हवा गोठवून वेगळी करणारे संयंत्र लहान आकारात फार महाग पडते, आणि ते चालवायला वेगळी माणसे लागतात. दुसरे कारण सुरक्षेचे. मलेशियातल्या बिंटुलू इथल्या गॅसपासून द्रव इंधन करणाऱ्या संयंत्रात डिसेंबर १९९७ मध्ये हवा विभाजन विभागात मोठा स्फोट झाला. त्या वर्षी जंगलांच्या वणव्यांचा धूर पसरला होता. त्यातले बारीक जळाऊ कण द्रव ऑक्सिजनच्या ॲल्युमिनियम उष्णता विनिमयकात साचले आणि पेटले. कतारच्या रास लफानमधल्या पर्ल संयंत्रासारख्या, दिवसाला १,४०,००० बॅरल क्षमतेच्या ठिकाणी ऑक्सिजनला पर्याय नाही. ८० बॅरलला तो नसलेलाच बरा.

ही वाट नवी नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात टल्सा इथल्या सिंट्रोलियम कंपनीने हवेवरचा रिफॉर्मर आणि फिशर-ट्रॉप्शसाठी कोबाल्टचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) हीच जोडी धरली होती. कॅटूसा इथले त्यांचे प्रात्यक्षिक संयंत्र दिवसाला ७० बॅरलचे, म्हणजे तुमच्याच मापाचे होते. तिथल्या इंधनाचे मिश्रण सप्टेंबर २००६ मध्ये बी-५२ विमानाच्या आठांपैकी दोन इंजिनांत वापरून बघितले गेले. तंत्र चालते हे सिद्ध झाले. मोठे व्यावसायिक संयंत्र मात्र त्या कंपनीला उभारता आले नाही.

गोव्यात या रसायनाचे जवळचे नाते बघायचे असेल तर वेर्ण्याहून फार लांब जायला नको. झुआरीनगरच्या पठारावरचा खत कारखाना आधी नाफ्थ्यावर, म्हणजे पेट्रोलसारख्या हलक्या तेलावर, चालायचा. दाभोळ-बंगळुरू वाहिनी आल्यावर तो नैसर्गिक वायूवर आला. अमोनिया संयंत्रात दुय्यम रिफॉर्मरला मुद्दाम हवा देतात, कारण तिथे नायट्रोजन हाच कच्चा माल असतो: हायड्रोजनच्या तीन भागांना एक. तिथे कार्बन मोनॉक्साइड हा शत्रू, तो काही पीपीएमपर्यंत (दशलक्षात काही भाग) उतरवावा लागतो. तुमच्याकडे कार्बन मोनॉक्साइड हवा आहे आणि नायट्रोजन ओझे आहे. भट्टी जवळपास तीच, पण तिच्यापुढचा अख्खा कारखाना वेगळा. अमोनियात काम केलेला माणूस मिळाला तर जरूर घ्या. रिफॉर्मरचे बर्नर, अस्तर, वेस्ट हीट बॉयलर हे सगळे त्याच्या हातातले असते.

रिफॉर्मरबद्दल तीन गोष्टी. पहिली काजळी. वाफेचे प्रमाण ०.४ च्या खाली नेले की बर्नरच्या ज्योतीत काजळी धरते आणि कॅटॅलिस्टचा वरचा थर चोंदतो. दाबातला फरक हळूहळू चढत जातो. वाफ वाढवली तर काजळी जाते, पण हायड्रोजनचे प्रमाणही चढते, ०.६ पट वाफेला ते २.३ च्या पुढे जाते. पुढच्या रिॲक्टरला २.१ हवे असते. त्यामुळे वाफ हवी तशी वाढवता येत नाही. थोडा कार्बन डायऑक्साइड रिफॉर्मरच्या तोंडाशी परत दिला की प्रमाण खाली येते, आणि तो मार्ग वाफ फार कमी करण्यापेक्षा बरा.

दुसरी गोष्ट अस्तर. आतली वीट शुद्ध ॲल्युमिनाची घ्या, सिलिका शक्य तितकी कमी. गरम हायड्रोजन आणि वाफेत सिलिका वायुरूप होऊन उडते आणि पुढे थंड बॉयलरच्या नळ्यांवर पांढऱ्या थराने बसते. स्वस्त विटेचा फटका असा भलत्याच ठिकाणी दिसतो, आणि दोष बॉयलरवाल्याला लागतो.

तिसरी धातूची धूळ होणे. कार्बन मोनॉक्साइड असलेला गॅस साधारण ४५० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात धातूच्या संपर्कात आला की धातूत कार्बन शिरतो, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि तो भुकटी होऊन झडतो. नायट्रोजनमुळे कार्बन मोनॉक्साइडचा अंशदाब निम्म्यावर येतो, म्हणून त्रास कमी होतो. पण संपत नाही. बॉयलरच्या नळ्यांची तोंडे आणि ट्यूबशीट (नळ्या बसवलेली जाड प्लेट) निकेल-क्रोमच्या मिश्रधातूने किंवा सिरॅमिक फेरुलने (नळीच्या तोंडात बसणाऱ्या बाहीने) झाका, आणि या तापमान पट्ट्यातून गॅस झटपट खाली आणा.

आता हवा. इथे गोव्याचे हवामान थेट हिशेबात येते. जून ते सप्टेंबर ३० अंशांच्या दमट हवेत ४ टक्क्यांवर पाण्याची वाफ असते. २,८६० घनमीटर कोरड्या हवेसोबत ताशी १०० किलो पाणी कॉम्प्रेसरमध्ये शिरते, आणि २८ बारला ४० अंशांपर्यंत थंड केल्यावर त्यातले ९४ किलो इंटरकूलरांमध्ये पाणी होऊन खाली उतरते. तासाला चार-साडेचार बादल्या. एक ड्रेन ट्रॅप अडकला की पाणी पुढच्या टप्प्यात जाते, पंख्यांची कडा खाते, आणि रिफॉर्मरमध्ये वाफेचे प्रमाण नकळत हलते. ट्रॅप दुहेरी ठेवा आणि पावसाळ्यात प्रत्येक पाळीला हाताने उघडून बघा. त्याबरोबर किनाऱ्याची खारी हवा येते. मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड रिफॉर्मरमधल्या निकेल कॅटॅलिस्टला, पुढच्या कोबाल्टला आणि स्टेनलेस स्टीललाही मारक. साधा धुळीचा फिल्टर मिठाचे सूक्ष्म थेंब थांबवत नाही. थेंब एकत्र करणारा कोअलेसर टप्पा आणि त्यामागे बारीक फिल्टर, असे दोन्ही हवेत. खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यालगत जागा असेल तर लाल धुळीसाठी पुढे आणखी एक जाड थर.

गॅसमधले गंधक आधीच काढायचे. शहरी वितरणाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मरकॅप्टनचा वास घातलेला असतो. मोठ्या वाहिनीवरून थेट घेतला तर तो बहुधा नसतो. तुमचा जोड कुठून आहे हे आधी विचारा, कारण गंधकाचा खोका त्यावर ठरतो. कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या थरावर ३५० ते ३८० अंशांना २ ते ५ टक्के हायड्रोजन देऊन सेंद्रिय गंधकाचे हायड्रोजन सल्फाइड करायचे, आणि ते झिंक ऑक्साइडमध्ये पकडायचे. झिंक ऑक्साइडची दोन भांडी मालिकेत, मधे नमुना घेण्याची तोटी. पहिल्या भांड्यातून गंधक निसटू लागले की ते बदलायचे आणि दुसरे पुढे आणायचे. फिशर-ट्रॉप्शच्या कोबाल्टपर्यंत पोहोचणारे गंधक ५० पीपीबीच्या (अब्जातल्या ५० भागांच्या) आत, आणि जमेल तितके त्याखाली राहिले पाहिजे. गंधकाने मेलेला कोबाल्ट परत जिवंत होत नाही.

गंधकाची काळजी सगळे घेतात. हवेवरच्या रिफॉर्मरमध्ये दुसरे एक विष तयार होते आणि तिकडे लक्ष जात नाही: अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड. ज्योतीत आणि निकेलवर नायट्रोजनचा अगदी थोडा भाग रिॲक्ट होतो आणि हे दोन वायू पीपीएमच्या मापात सिनगॅससोबत निघतात. टक्केवारीच्या विश्लेषणात ते दिसतच नाहीत. कोबाल्टची क्रियाशीलता मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत सरळ रेषेत घसरते, गंधक शून्य असूनही. अमोनिया पाण्याने धुतला जातो, म्हणून सिनगॅस थंड केल्यावर भरलेल्या मनोऱ्यात स्वच्छ पाण्याने धुवा. हायड्रोजन सायनाइड पाण्यात तितक्या सहज जात नाही. त्यासाठी धुण्याच्या आधी जलविघटनाचा कॅटॅलिस्ट थर लावतात, जो त्याचे अमोनियात रूपांतर करतो, आणि मग तोही धुण्यात जातो. रिॲक्टरच्या तोंडाशी झिंक ऑक्साइडचा संरक्षक थर ठेवला तरी त्याला ही जागा भरता येणार नाही. एक दिलासा आहे: नायट्रोजनच्या या विषांनी मंदावलेला कोबाल्ट हायड्रोजन देऊन बऱ्याच अंशी सावरतो. त्यामुळे रिॲक्टरला हायड्रोजनची लाइन पहिल्या दिवसापासून द्या. धुण्याचे पाणी सायनाइडसाठी तपासूनच सांडपाण्यात सोडायचे.

आता मुख्य रिॲक्टर. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत ही रिॲक्शन बसवली, आणि तिची अडचण तेव्हापासून एकच आहे: उष्णता. कार्बन मोनॉक्साइडच्या प्रत्येक मोलमागे सुमारे १६५ किलोज्यूल सुटतात. शुद्ध सिनगॅसमधला १० टक्के कार्बन मोनॉक्साइड रिॲक्ट झाला आणि उष्णता बाहेर नेली नाही, तर गॅस १७५ अंशांनी तापेल. तुमच्या विरळ सिनगॅसमध्ये हाच आकडा ९० अंशांवर येतो. नायट्रोजनचा हा खरा उपकार. कॅटॅलिस्टच्या दाण्यांमधून वाहताना तो उष्णता उचलून पुढे नेतो, आणि नळीच्या मध्यभागी तयार होणारा तप्त पट्टा बोथट होतो. त्यामुळे लहान संयंत्रात स्लरीच्या (द्रव मेणात कॅटॅलिस्टची पूड तरंगवण्याच्या) भानगडीत न पडता नळ्यांचा स्थिर थर चालतो: २५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, आत कोबाल्टचे दाणे, बाहेर उकळते पाणी.

तापमान २२० अंश ठेवायचे तर बाहेरच्या वाफेचा निरपेक्ष दाब २३ बारच्या थोडा वर ठेवावा लागतो. या पट्ट्यात वाफेचा दाब १ बार बदलला की तापमान सव्वादोन अंश हलते. म्हणजे स्टीम ड्रमचा दाब नियंत्रक हाच तुमचा खरा तापमान नियंत्रक, आणि तो ०.२ बारच्या आत स्थिर राहिला पाहिजे. ताशी अडीच टनांजवळ वाफ निघते. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांना ७ ते १० बारची वाफ रोज लागते. शेजारी घ्यायला तयार असेल तर प्रकल्पाला मोठा आधार आहे. हा ड्रम बॉयलर कायद्याखाली येतो, तेव्हा बॉयलर निरीक्षकांची मंजुरी आराखड्याच्या टप्प्यावरच घ्या.

दाब किती? एकूण २५ बार ठेवला तर नायट्रोजन वजा जाता रिॲक्शनला उपयोगी वायूंचा अंशदाब १३ बारच्या आसपास राहतो. तो शुद्ध सिनगॅसइतका करायला एकूण दाब ४५ बारवर न्यावा लागेल आणि हवा, नायट्रोजनसकट, तितकी दाबावी लागेल. तसे करू नका. २५ ते २८ बारवर थांबा आणि कमी पडणारा वेग कॅटॅलिस्टचे माप वाढवून भरून काढा. तापमान वाढवून तो भरून काढण्याचा मोह होतो. त्यात मिथेन वाढतो आणि जड द्रव घटतो.

पहिल्या रिॲक्टरमध्ये ६० टक्के परिवर्तन धरा. मग गॅस थंड करून पाणी आणि तेल काढा, पुन्हा तापवा, आणि दुसऱ्या रिॲक्टरमध्ये उरलेल्याचे ७५ टक्के. एकूण ९० टक्के. मधे पाणी काढणे टाळू नका. ६० टक्के परिवर्तनाला पहिल्या रिॲक्टरच्या शेवटी वाफेचा अंशदाब ३ बारच्या थोडा वर असतो. शुद्ध सिनगॅसमध्ये तो ८ बारजवळ गेला असता. पाण्याने कोबाल्टचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो, म्हणून विरळ सिनगॅस इथेही सौम्य आहे. पण पाणी आणि हायड्रोजन यांचे परस्पर प्रमाण विरळपणाने बदलत नाही, आणि कोबाल्टचे ऑक्सिडेशन त्या प्रमाणावर चालते. एकाच रिॲक्टरमध्ये ९० टक्के ओढायचा प्रयत्न केला की शेवटचा मीटर-दीड मीटर थर आधी मरतो.

दुसऱ्या टप्प्यात आणखी एक गोष्ट बिघडते. सिनगॅसमध्ये प्रमाण २.२ आहे आणि रिॲक्शन २.१ ने खाते. फरक किरकोळ वाटतो. पण ६० टक्क्यांनंतर उरलेल्या गॅसमध्ये प्रमाण २.३५ होते, आणि ९० टक्क्यांना ते ३ च्या पुढे जाते. हायड्रोजन जास्त झाला की साखळ्या लवकर तुटतात आणि मिथेन वाढतो. दोन रिॲक्टरांच्या मधे हायड्रोजन गाळणारी मेंब्रेन बसवली तर जादा हायड्रोजन निघतो, आणि तोच गंधक काढायच्या विभागाला वापरता येतो. या संयंत्रात मला सर्वांत समर्पक वाटणारा जोड हा आहे, आणि लहान मापातही तो परवडतो.

माल काय निघतो? साखळी वाढण्याची शक्यता, म्हणजे अल्फा, ०.९ असेल तर वजनाने सुमारे ८ टक्के हलके वायू, १८ टक्के नाफ्था, ३७ टक्के डिझेलच्या पट्ट्यातले आणि ३७ टक्के मेण. अल्फा ०.८ वर घसरला की वायू २६ टक्के, नाफ्था ३६, डिझेल ३२ आणि मेण फक्त ६. कोबाल्टवर मिथेन या गणितापेक्षा थोडा जास्तच येतो. म्हणून डिझेल हवे असले तरी आधी मेण करायचे आणि मग ते तोडायचे, हा मोठ्या संयंत्रांचा शिरस्ता. ८० बॅरलला हायड्रोक्रॅकर (हायड्रोजन देऊन मेण तोडणारा रिॲक्टर) बसवू नका. पांढरे, गंधकरहित मेण आहे तसे विकले जाते. त्याच्या सगळ्या लाइनींना वाफेचे ट्रेसिंग (पाइपाला लागून तापती वाफेची नळी) हवे, १५० अंशांना, आणि नमुन्याच्या तोटीलाही. ती तोटीच नेहमी विसरली जाते, मग तिच्या तोंडात बोटभर लांबीची मेणबत्ती गोठून बसते आणि रात्रपाळीला नमुना मिळत नाही.

तुमच्या आकड्यांत बसवून: ताशी ४२० किलो, म्हणजे सुमारे ५४५ लिटर द्रव आणि मेण. दिवसाला ८२ बॅरल. लिटरमागे १.८ घनमीटर वायू. आणि ताशी ६१० किलो पाणी, म्हणजे वजनाने तेलापेक्षा दीडपटीच्या आसपास. या पाण्यात अल्कोहोल आणि सेंद्रिय आम्ले असतात, पीएच ३ च्या जवळ. साध्या लोखंडी पाइपातून नेले तर पाइप खाल्ला जाईल. त्यातले काही पाणी शुद्ध करून रिफॉर्मरच्या वाफेला वापरा, तिथे ताशी ३२० किलो लागतातच.

डिझेलचा भाग गुणाने उत्तम: सीटेन (इंजिनात पेट घेण्याच्या तत्परतेचे माप) ७० च्या पुढे, गंधक नाही, ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी वलयी संयुगे) जवळजवळ नाहीत. पण घनता ०.७८ च्या आत, भारतीय डिझेल मानकाच्या किमान मर्यादेखाली. पंपावर एकटे विकता येत नाही; मिश्रणात जाते. वंगणगुण कमी म्हणून ॲडिटिव्ह लागते, आणि जुन्या इंजिनांच्या रबरी सीलना फुगवून ठेवणारे ॲरोमॅटिक नसल्याने गळती होऊ शकते.

राहिला टेल गॅस, आणि प्रकल्प उभा राहतो की पडतो हे तिथे ठरते. त्यात ८० टक्के नायट्रोजन, बाकी उरलेला हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन. उष्मांक घनमीटरला २.५ ते ३ मेगाज्यूल; नैसर्गिक वायूचा ३६. साध्या बर्नरवर ही ज्योत टिकत नाही, आणि नेहमीचे गॅस इंजिन त्यावर चालत नाही. पण सतत वाहणारी एकूण उष्णता २.१ मेगावॉट आहे, आत घातलेल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा. हवा आणि गॅस तापवायला १ मेगावॉट लागतात. तेव्हा टेल गॅस प्रीहीटरमध्ये जाळा: टेल गॅस आणि ज्वलनाची हवा दोन्ही आधी तापवून, नैसर्गिक वायूची कायम जळती पायलट ज्योत ठेवून, किंवा कॅटॅलिस्टच्या थरावर. नकाशा काढताना मी या टोकापासून सुरुवात करायला सांगेन. टेल गॅसला काम नसेल तर हवेवरचा रिफॉर्मर निवडू नका.

पैशांचे सरळ सांगतो. बॅरलमागे सुमारे ११ एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश उष्मा एकक; वायू याच मापाने विकतात) वायू लागतो आणि बॅरलमध्ये त्याची निम्मी ऊर्जा उतरते. वायू एमएमबीटीयूला १२ डॉलरने मिळाला तर नुसता कच्चा माल १३२ डॉलरचा झाला. आयात एलएनजीवर अवलंबून असलेल्या वाहिनीवर डिझेलसाठी हे परवडत नाही. जिथे वायू जाळून टाकला जातो किंवा ओल्या कचऱ्याच्या बायोगॅससारखा जागेवर तयार होतो, तिथे हिशेब बदलतो. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड तर वर सांगितलेले हायड्रोजनचे प्रमाण खाली आणायला उपयोगीच पडतो. वेर्ण्याला हे करायचेच असेल तर विशेष मेण आणि प्रशिक्षण या दोन हेतूंनी करा.

सुरक्षेतली एक बाब कधीही ढिली सोडू नका. रिफॉर्मर बंद करताना निकेलचा थर २०० अंशांखाली येण्याआधी त्यातला कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजनने पूर्ण हुसकून द्या. थंड निकेल आणि दाबाखालचा कार्बन मोनॉक्साइड मिळून निकेल कार्बोनिल बनते, आणि ते अत्यल्प मात्रेतही जीवघेणे आहे. याच जातीचे आयर्न कार्बोनिल साध्या लोखंडी पाइपात १०० ते २५० अंशांना बनते आणि कोबाल्टवर लोखंड नेऊन बसवते. म्हणून धुण्याच्या मनोऱ्यापासून रिॲक्टरपर्यंतची लाइन स्टेनलेसची हवी.

सुरुवात करताना कोबाल्ट हायड्रोजनमध्ये ३५० ते ४०० अंशांना क्षपित करा (ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू करा), मिनिटाला एक अंशापेक्षा वेगाने न तापवता, आणि हायड्रोजनचा प्रवाह भरपूर ठेवून, म्हणजे तयार होणारे पाणी लगेच वाहून जाईल. मग नायट्रोजनमध्ये १८० अंशांवर आणा आणि सिनगॅस हळूहळू मिसळा. दर वाढीनंतर काही तास थांबा. नळीतला कुठलाही थर्मोकपल (तापमापक) बाहेरच्या पाण्यापेक्षा १० अंशांहून वर गेला तर सिनगॅस तोडायचा, वाफेचा दाब उतरवायचा, नायट्रोजन सोडायचा. कारण शोधणे त्यानंतर.

परिवर्तन मोजताना गॅस क्रोमॅटोग्राफवरची (गॅसचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरची) टक्केवारी थेट वजा करू नका. पहिल्या रिॲक्टरच्या आधी कार्बन मोनॉक्साइड १६.६ आणि नंतर, कोरड्या गॅसमध्ये, ९.५ दिसेल. वाटेल की ४३ टक्केच परिवर्तन झाले. पण मधल्या काळात गॅस आकसला आहे. नायट्रोजन ४४ वरून ६३ वर गेला. दोन्ही वेळच्या कार्बन मोनॉक्साइडला त्या त्या वेळच्या नायट्रोजनने भागा: आधी ०.३७७, नंतर ०.१५१. खरे परिवर्तन ६० टक्के. नायट्रोजन न बदलता आत-बाहेर जातो, म्हणून तोच मोजपट्टी. आणि त्याच आलेखावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास ऑक्सिजनचे शिखर दिसले तर लगेच संयंत्र बंद करू नका. हवेतून आलेला आर्गॉन सिनगॅसमध्ये तेवढाच असतो, आणि मॉलिक्युलर सीव्हच्या कॉलममध्ये नेहमीच्या तापमानाला तो ऑक्सिजनसोबत एकाच वेळी बाहेर पडतो. हे शिखर रिॲक्टरनंतर नायट्रोजनच्याच पटीत वाढले तर तो आर्गॉन. त्यापेक्षा जास्त वाढले तर नमुन्याच्या लाइनीचे जोड तपासा.